कोल्हापुरात पहिली नोकरी शोधताना: पोरांचे आणि पालकांचे वारंवार येणारे प्रश्न

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांच्या गेटांवर ‘ऑपरेटर पाहिजे’ असे फलक लटकलेले असतात, आणि त्याच आठवड्यात आजरा-चंदगडची पोरं गोव्याच्या नाहीतर पुण्याच्या गाडीत बसलेली असतात. या दोन्हींच्या मधे नेमकं काय अडतं, त्याबद्दल सारखे विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. योजनांच्या अटी आणि रकमा शासन निर्णयाने बदलत असतात, तेव्हा अर्ज भरण्याच्या दिवशी पोर्टलवर एकदा खात्री करून घ्या.

कोल्हापुरात कामच नाही म्हणतात. खरं आहे का?

काम आहे. पण ज्या प्रकारचं शिक्षण पोरं घेऊन येतात, त्या प्रकारचं ते कमी आहे. ऑइल इंजिनांच्या काळात शिवाजी उद्यमनगरात जे रुजलं, तेच पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीत पसरलं: फौंड्री (धातूचं ओतकाम) आणि मशिन शॉप. इचलकरंजीत माग आणि गारमेंट, हुपरीत चांदी, चारी बाजूंना साखर कारखाने आणि दूध संघ. इथे मागणी आहे ती सीएनसी-व्हीएमसी (संगणकावर चालणाऱ्या मशिन) ऑपरेटर, फिटर, वेल्डर, मोल्डर, पॅटर्नमेकर, इन्स्पेक्शनवाला यांची. दारात उभी असतात ती बी.ए., बी.कॉम. झालेली पोरं, ज्यांनी मायक्रोमीटर हातात धरलेला नसतो. आयटी किंवा ऑफिसच्या कामाची मागणी त्यामानाने थोडी, म्हणून संगणकवाले पुण्याला जातात.

यात पोरांनाच आळशी ठरवणारे बरेच भेटतात. “बिहारची पोरं येऊन काम करतात, आमच्यांना लाज वाटते,” हे वाक्य कट्ट्याकट्ट्यावर ऐकू येतं. मला ते पटत नाही. फेटलिंगला (ओतलेला भाग घासून साफ करायच्या कामाला) बारा तास धूळ खायची, पगारपत्रक नाही, पीएफ नाही, आणि लग्नाच्या बाजारात ‘फौंड्रीत आहे’ म्हटलं की पुढचं बोलणं बंद. असं असताना पोरगं बिचकलं तर त्यात नवल काय? जिथे पाळी आठ तासांची आहे, कँटीन आहे आणि पगार बँकेत जमा होतो, तिथे स्थानिक पोरं टिकून आहेत.

सगळीकडे दोन वर्षांचा अनुभव मागतात. पहिला अनुभव देणार कोण?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सरळ उत्तर आहे ॲप्रेंटिसशिप. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानुसार ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. म्हणजे मोठ्या कारखान्याच्या गेटवर “नोकरी आहे का” असं विचारण्याऐवजी “तुमच्याकडे ॲप्रेंटिसची जागा कधी भरणार” असं विचारलं, तर एचआरवाल्याला ते उडवून लावणं अवघड जातं. पहिल्या प्रश्नाला ‘बायोडाटा ठेवून जा’ हे उत्तर ठरलेलं असतं.

आयटीआय झालेल्यांनी राष्ट्रीय ॲप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदणी करायची. पदवी किंवा डिप्लोमावाल्यांसाठी वेगळं पोर्टल आहे, त्याला ‘नॅट्स’ म्हणतात. दरमहा विद्यावेतन मिळतं. राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेत त्यातला २५ टक्के वाटा, कमाल १,५०० रुपये, केंद्र सरकार उचलतं. आयटीआय नसलेल्या दहावी-बारावीवाल्यांनाही काही ट्रेडमध्ये घेतात, पण तिथे कारखाना नीट बघून घ्या. करार पोर्टलवर नोंदवलेला आहे का, हे विचारा. तो नसेल तर नाव ॲप्रेंटिसचं आणि काम हेल्परचं, असा प्रकार होतो, आणि वर्ष संपल्यावर हातात प्रमाणपत्र येत नाही. ते मिळालं तर वर्षभर मशिनवर होता याचा लेखी पुरावा असतो. पुढच्या गेटवर तोच लागतो.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत जावं का? लोक म्हणतात पुढे काही होत नाही.

२०२४ ला सुरू झालेली ही योजना. वय १८ ते ३५, महाराष्ट्राचा अधिवास, आणि सध्या कुठे शिकत नसावं. नोंदणी ‘महास्वयम’ पोर्टलवर. बारावीला दरमहा ६,०००, आयटीआय किंवा डिप्लोमाला ८,००० आणि पदवीला १०,००० रुपये थेट खात्यात. सुरुवातीला मुदत सहा महिने होती, नंतर ती पाच महिन्यांनी वाढवून अकरा केली.

लोक म्हणतात ते अर्ध खरं आहे. योजना कायम नोकरीची हमी देत नाही, हे पहिल्यापासून लिहिलेलं आहे. तरी ‘कायम करा’ म्हणून आंदोलनं झाली, कारण बरीच पोरं ग्रामपंचायतीत, शाळेत, तहसीलमध्ये गेली आणि तिथे मुदत संपली की दार बंद. माझं स्पष्ट मत असं: जागा निवडायची मुभा मिळाली तर सरकारी ऑफिसपेक्षा खासगी कारखाना, हॉस्पिटल, सीएचं ऑफिस, दूध संघाची लॅब असलं काही घ्या. तिथे चांगलं काम दिसलं तर मालक ठेवून घेऊ शकतो. तहसीलदारांच्या मनात असलं तरी ते ठेवून घेऊ शकत नाहीत.

विद्यावेतन कधी कधी उशिरा जमा होतं. पहिले दोन महिने घरच्या पैशावर काढायची तयारी ठेवा.

पंतप्रधान इंटर्नशिप योजना वेगळी का?

वेगळी. वय २१ ते २४, देशातल्या मोठ्या कंपन्या, १२ महिने, महिन्याला ५,००० आणि एकदाच ६,००० रुपये. ती टप्प्याटप्प्याने उघडते. जागा कोल्हापूरपासून लांब निघाली तर ५,००० रुपयांत खोली आणि मेस भागत नाही, हा हिशोब आधी करा.

कागदपत्रांत प्रत्येक वेळी काहीतरी निघतं. काय काय तयार ठेवायचं?

पोरांच्या हातून संधी जाते ती मुलाखतीपेक्षा इथे जास्त वेळा. दहावीच्या मार्कशीटवर ‘संभाजीराव’, आधारवर ‘संभाजी’, बँकेत आडनाव आधी. अर्ज भरताना चालून जातं आणि पैसे जमा व्हायच्या वेळी अडकतं. म्हणून सुट्टीत, कसलीही घाई नसताना, हे उरकून घ्या: दहावीच्या मार्कशीटप्रमाणे आधारवरचं नाव आणि जन्मतारीख, आधारला चालू मोबाइल नंबर, आणि बँक खातं आधारशी जोडलेलं. शेवटचं नीट समजून घ्या. केवायसीला आधारची झेरॉक्स दिली म्हणजे खातं जोडलं गेलं असं नाही. बँकेत जाऊन “डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) आधार सीडिंग करून द्या” असं स्पष्ट सांगावं लागतं. दोन बँकांत खाती असतील तर सरकारी पैसे शेवटी जोडलेल्या खात्यात जातात, आणि पोरगं पहिल्या खात्याचं पासबुक घेऊन भांडत बसतं.

दाखल्यांमध्ये अधिवास, उत्पन्न, जातीचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रीमीलेअर. जात वैधता प्रमाणपत्राला सगळ्यात जास्त वेळ लागतो, त्यामुळे जाहिरात आल्यावर ते काढायला पळू नका. दाखले महा-ई-सेवा केंद्रातून किंवा ‘आपले सरकार’वरून निघतात. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने प्रत्येक दाखल्याला मुदत ठरवून दिली आहे. मुदतीत मिळाला नाही तर अपील करता येतं. अर्जाची पावती मात्र जपून ठेवा. पावती नसली की अपीलही नाही.

गावाकडून रोज येणं परवडत नाही. काय करावं?

गगनबावड्याहून कोल्हापूर ५५ किलोमीटर. सातची पहिली पाळी गाठायची तर त्या वेळेची एसटी असायला हवी, आणि सुटताना परतीची. दुसरी पाळी रात्री सुटते तेव्हा गावची शेवटची गाडी कधीच गेलेली असते. म्हणजे मोटरसायकल आली, पेट्रोल आलं, घाटातला पाऊस आला. राधानगरी, भुदरगड, शाहूवाडी सगळीकडे हीच गत. शिक्षणासाठी खेड्यातून येणाऱ्या पोरांची सोय शाहू महाराजांनी १९०१ पासून एकामागून एक बोर्डिंग काढून केली. पहिल्या नोकरीला आलेल्या पोराला अजूनही कॉटबेसिसची खोलीच शोधावी लागते.

आधी जवळ बघा. गडहिंग्लजला एमआयडीसी आहे, चंदगडात हलकर्णीला आहे. चंदगडच्या पोराला कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ पडतं, मग तिथल्या कारखान्यात काम धरायला काय हरकत? मुलाखतीत पगाराच्या बरोबरीने कंपनीची बस कुठून कुठपर्यंत येते हे विचारा. यात लाजण्यासारखं काही नाही, जुने कामगार पहिल्यांदा हेच विचारतात. आणि पुण्याची तुलना करताना हातात उरणारा पैसा बघा. समजा चाकणला १८,००० आणि इथे १३,०००. खोली, मेस आणि महिन्याचं येणं-जाणं वजा केलं की बहुतेक वेळा इथलेच जास्त उरतात. अपवाद एकच: तिथलं काम शिकून दोन वर्षांत पगार दुप्पट होण्यासारखा असेल, तर बिनधास्त जा.

मुलीला एमआयडीसीत पाठवायचं म्हटलं की घरात सगळे गप्प होतात.

हा प्रश्न बहुतेक वेळा आई विचारते, तेही बाकीचे उठून गेल्यावर. त्या गप्प बसण्याच्या मागे ‘रात्री कशी येणार’ ही खरी काळजी असते, आणि ‘लग्नाचं बघायचंय’ हेही असतं. दुसऱ्याचं उत्तर माझ्याकडे नाही. पहिल्याबद्दल सांगता येतं. संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी सहाच्या आत मुलींना कामावर ठेवायचं तर त्यांची संमती लागते, आणि सुरक्षिततेची व ने-आण करण्याची व्यवस्था मालकाने करायची असते. दहा किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या ठिकाणी २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत तक्रार समिती असावीच लागते. आईने किंवा वडिलांनी एकदा कंपनीत जाऊन बस कुठे थांबते, पाळीवर बाई सुपरवायझर आहे का आणि आधीपासून किती मुली कामावर आहेत हे बघून यावं. बघून आलेल्या घरातून बहुतेकदा होकार येतो.

क्वालिटी, कोअर शॉप, पॅकिंग, स्टोअर्स, अकाउंट्स या विभागांत मुली दिसू लागल्या आहेत. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे, त्याचा रोजच्या येण्या-जाण्यात चांगलाच फरक पडतो. आणि मुलीला अजून शिकायचं असेल तर घाईने कामाला लावू नका: २०२४ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे.

वशिल्याशिवाय लागतं का हो?

सहकारी संस्था, कारखाने, बँका यांच्या जिल्ह्यात हा प्रश्न येणारच. संचालकाच्या चिठ्ठीवर कामाला लागलेली माणसं प्रत्येक गावात आहेत, मग ‘तसं काही नसतं’ म्हणून तुमची फसवणूक कशाला करू? पण चिठ्ठीची वाट बघत पाच-पाच निवडणुका काढलेली माणसंही त्याच गावात आहेत. चिठ्ठी मिळणार असेल तर मिळू दे, तोवर हात रिकामे ठेवू नका. खासगी मशिन शॉपमध्ये ओळखीचा उपयोग गेटच्या आत जाण्यापुरता होतो. मशिनवर केलेले जॉब (सुटे भाग) रिजेक्ट व्हायला लागले की मामाचं नाव फार दिवस पुरत नाही.

कंत्राटदाराकडून घेतात, पगार रोखीत देतात. चालेल का?

दोन-तीन महिने शिकायला म्हणून चालेल, त्यापुढे नाही. कंत्राटी असणं बेकायदा नाही. बिनकागदाचं असणं वाईट. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांमध्ये नियुक्तिपत्र देणं बंधनकारक आहे, ते मागा. महिना २१,००० पर्यंत पगार असेल आणि आस्थापना ईएसआयखाली (कामगारांच्या आरोग्य विम्याखाली) येत असेल तर तुमच्या पगारातून फक्त ०.७५ टक्के जातात आणि घरच्यांच्या दवाखान्याची सोय होते. पीएफ कापतात पण भरत नाहीत, अशाही तक्रारी असतात. ‘उमंग’ ॲपवर यूएएन (तुमचा पीएफचा नंबर) टाकून दर महिन्याला पासबुक बघायची सवय लावा.

पोरं म्हणतात, “पीएफ नको, तेवढे हातात द्या.” हे आत्ता तर अजिबात करू नका. प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजनेत १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात पहिल्यांदाच पीएफमध्ये नोंद झालेल्या कामगाराला एका महिन्याच्या पगाराइतकी, कमाल १५,००० रुपयांची रक्कम दोन हप्त्यांत मिळते: सहा महिने टिकल्यावर एक आणि बारा महिन्यांनी, आर्थिक साक्षरतेचा छोटा अभ्यासक्रम केल्यावर दुसरा. नवीन माणूस घेतला म्हणून मालकालाही महिन्याला ३,००० पर्यंत प्रोत्साहन आहे. लहान कारखानदाराला हे माहीतच नसतं. तुम्ही सांगा, बोलणं एकदम बदलतं.

पोरगा चार वर्षं एमपीएससी आणि पोलिस भरती करतोय. थांबवू का?

थांबवू नका, पण वर्ष ठरवा. आणि तेही परीक्षा सुरू करतानाच, अपयश आल्यावर नाही. एमपीएससीला खुल्या वर्गाची वयोमर्यादा ३८, मागासवर्गीयांना ४३. ती मर्यादा इतकी लांब असल्यामुळेच पोरं अडकतात. अभ्यासिकेत टेबल भाड्याने घ्यायचं, सकाळी विद्यापीठाच्या रस्त्यावर धावायचं, दुपारी चालू घडामोडी. आयुष्य शिस्तीत चाललंय असं घरच्यांना वाटतं, पोरालाही वाटतं. २९ व्या वर्षी बाहेर पडल्यावर बायोडाटात सात वर्षांची पोकळी, आणि सोबतच्या आयटीआयवाल्याकडे सात वर्षांचा अनुभव.

दोन उपाय. एक, मोफत शिकवणी असेल तिथेच शिका, म्हणजे घरचा पैसा कमी जळेल. त्यासाठी सरकारी संस्था आहेत: मराठा, कुणबी वर्गासाठी सारथी, अनुसूचित जातींसाठी बार्टी, ओबीसी-भटक्या विमुक्तांसाठी महाज्योती; सारथीचं उपकेंद्र २०२१ पासून कोल्हापुरातच आहे. दोन, तयारीच्या काळात अर्धवेळ काहीतरी धरा: टॅली, जीएसटी रिटर्न, डेटा एंट्री, दवाखान्यातलं रिसेप्शन. “लक्ष विचलित होतं” हे उत्तर येईल. ज्याचं तीन तासांच्या कामाने लक्ष विचलित होतं, त्याचं मोबाइलने त्याहून जास्त होत असतं.

अग्निवीरचं काय?

सैनिक टाकळीसारखी गावं असलेल्या जिल्ह्यात भरतीचं वेड कमी होणार नाही, व्हायलाही नको. २०२२ पासून सेवा चार वर्षांची आहे, त्यातल्या २५ टक्क्यांपर्यंत जवानांना पुढे कायम करतात. आता लेखी परीक्षा आधी आणि धावणं नंतर, हे बऱ्याच पोरांच्या अजून ध्यानात येत नाही. छाती-उंचीत बसणारी पोरं ऑनलाइन पेपरात गळतात. बाहेर पडल्यावर काय, याचा विचार भरतीआधीच करा.

स्वतःचा धंदा काढायचाय. महामंडळ कर्ज देतं का?

बहुतेक वेळा कर्ज बँक देते, महामंडळ त्यावरचं व्याज परत करतं. हा फरक न कळल्यामुळे अर्धी पोरं महामंडळाच्या दारात चकरा मारतात. अण्णासाहेब पाटील महामंडळाच्या वैयक्तिक योजनेत (मराठा, आणि ज्यांच्यासाठी वेगळं महामंडळ नाही अशा समाजांसाठी) १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज साडेचार लाखांपर्यंत परत मिळतं. मात्र हप्ता आधी तुम्ही भरायचा, वेळेवर भरायचा, मग परतावा. हप्ता थकला की परतावाही थांबला. इतर समाजांसाठी महात्मा फुले, अण्णाभाऊ साठे, संत रोहिदास, वसंतराव नाईक, ओबीसी, मौलाना आझाद अशी महामंडळं आहेत.

दुसरा रस्ता मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाचा, जिल्हा उद्योग केंद्र किंवा खादी ग्रामोद्योग मंडळाकडून. अनुदान १५ ते ३५ टक्के. समजा कागलजवळच्या गावातली मुलगी १० लाखांचं शिलाई युनिट काढतेय. ग्रामीण आणि महिला म्हणून ३५ टक्के, म्हणजे साडेतीन लाख अनुदान. तिचे स्वतःचे ५ टक्के, म्हणजे ५०,०००. उरलेला भार कर्जाचा. ते अनुदान हातात येत नाही, तीन वर्षं बँकेत ठेवीसारखं पडून राहतं आणि मग कर्जात वळतं. मशिन विकून पैसे काढायचा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर तो इथेच सोडा.

बँक नाही म्हणते त्याची कारणं ठरलेली: सिबिल खराब (बहुतेकदा मित्राच्या मोबाइलचा हप्ता तुमच्या नावावर), कोटेशन फुगवलेलं, आणि धंद्याबद्दल चार प्रश्न विचारले की पोरगं वडिलांकडे बघतं. शेवटच्यासाठी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेचा कोर्स करा. तो मोफत आणि निवासी असतो, अग्रणी बँक चालवते, आणि आपल्या जिल्ह्याची अग्रणी बँक बँक ऑफ इंडिया आहे. तिथलं प्रमाणपत्र घेऊन आलेल्या अर्जदाराकडे मॅनेजर जरा वेगळ्या नजरेने बघतो.

आमचं घर चपलेचं. मी त्यातच राहू का?

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात येतात. २०२५ मध्ये प्राडाच्या मिलानमधल्या शोनंतर जगभर गाजावाजा झाला. गाजावाज्याने कारागिराची मजुरी वाढत नाही. धंद्यात राहायचं तर वेणी घालणाऱ्या हाताबरोबर बिल, फोटो, कुरिअर आणि ऑनलाइन ऑर्डर सांभाळणारा हात घरात हवा, आणि तो तुमचा असू शकतो. पीएम विश्वकर्मा योजनेत पादत्राणं बनवणारे येतात: प्रशिक्षणात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,०००, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, ते फेडल्यावर २ लाख. कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो, तेव्हा वडिलांनी घ्यायचा की तुम्ही, ते घरात बसून ठरवा.

नोकरीसाठी कुणी पैसे मागितले तर?

देऊ नका. नोंदणी फी, गणवेशाचं डिपॉझिट, मेडिकलचे पैसे, काहीही नाव असलं तरी. ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या काही तासांत खातं गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.

इंग्रजी येत नाही, मुलाखतीत तोंडच उघडत नाही.

शॉप फ्लोअरच्या मुलाखती मराठीत होतात. ड्रॉइंग वाचायला जेवढं इंग्रजी लागतं तेवढं महिन्याभरात येतं. कॉल सेंटर आणि आयटीसाठी मात्र खरंच शिकावं लागेल.

सुरुवात कुठून करू?

महास्वयमवर नोंदणी करून जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात जा. रोजगार मेळावा कधी आहे ते तिथे कळतं. दहावी-बारावी होऊन घरी बसलेल्यांनी कळंबा आयटीआयमध्ये चौकशी करावी, प्रवेश निकालानंतर लगेच सुरू होतात. मेळाव्याला जाताना बायोडाटाच्या प्रती न्या, मूळ कागदपत्रं कुणाच्या हातात देऊ नका, आणि दुपारनंतर जाऊ नका. चांगल्या कंपन्यांची टेबलं जेवणाच्या सुट्टीआधीच आवरलेली असतात.